अकरावीत गणित ठेवावे की सोडावे? नियम सैल झाले, पेच कायम

नवी दिल्ली : दहावीच्या निकालाचे पेढे वाटून होतात न होतात तोच देशभरातील लाखो घरांत दुसरी चिंता डोके वर काढते. अकरावीच्या प्रवेशअर्जात विषय भरायचे असतात. भाषांचा प्रश्न बहुधा सुटलेला असतो, रसायनशास्त्राबद्दलही फारसा वाद होत नाही. घोडे अडते ते दोन रकान्यांपाशी : गणित ठेवायचे का आणि जीवशास्त्र घ्यायचे का. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी, अनेकदा आठवड्याभरात आणि शेजारपाजारच्या सल्ल्यावर घेतलेला हा निर्णय पुढील शिक्षणाची दिशा बऱ्याच अंशी ठरवून टाकतो.

गेल्या काही वर्षांत या निर्णयाचे ओझे हलके करण्याचे प्रयत्न केंद्रीय पातळीवर झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती पाडण्याची भूमिका घेतली. तांत्रिक आणि वैद्यकीय शिक्षणाच्या नियामक संस्थांनी प्रवेशाच्या अटी सैल केल्या. त्यामुळे 'आता कोणतेही विषय घ्या, पुढे काही अडत नाही' असा समज पालकांत पसरताना दिसतो. तो अर्धाच खरा आहे. कागदावरची पात्रता सैल होणे वेगळे आणि विद्यार्थ्याची तयारी होणे वेगळे. या दोहोंतील अंतर ज्या विषयात सर्वांत अधिक आहे, तो विषय गणित होय.

नियम कोठे बदलले

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, तसेच व्यावसायिक आणि शैक्षणिक प्रवाह यांच्यातील कठोर विभागणी नको, असे स्पष्टपणे मांडले. त्यानुसार २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अकरावी-बारावीसाठी नवी मांडणी सुचविली. दोन भाषा आणि त्यांखेरीज किमान चार विषय विद्यार्थ्याने घ्यावेत, मात्र हे विषय एकाच गटातले नसावेत, ते किमान दोन गटांतून निवडलेले असावेत, अशी ती कल्पना आहे. या मांडणीत गणिताबरोबर इतिहास किंवा भौतिकशास्त्राबरोबर संगीत घेणे अपवादात्मक राहत नाही.

उच्च शिक्षणाच्या बाजूने पहिला मोठा बदल मार्च २०२१ मध्ये आला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ च्या मान्यता पुस्तिकेत अभियांत्रिकी प्रवेशासाठी विषयांची यादी रुंदावली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्याबरोबर संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, जीवशास्त्र, कृषी, व्यवसाय अध्ययन अशा विषयांचा त्यात समावेश झाला आणि यादीतील कोणतेही तीन विषय पुरेसे मानले गेले. गणिताविना अभियंता कसा घडणार, असा प्रश्न लगेच उपस्थित झाला. त्यावर, ही सवलत विद्यापीठांवर बंधनकारक नाही आणि बहुतेक शाखांसाठी गणिताचे महत्त्व कायम आहे, असा खुलासा परिषदेला करावा लागला. पुढील वर्षीच्या पुस्तिकेत शाखानिहाय अटी देण्यात आल्या आणि वास्तुकला, फॅशन तंत्रज्ञान व पॅकेजिंग तंत्रज्ञान यांसारख्या मोजक्या अभ्यासक्रमांपुरती ही मोकळीक स्पष्ट झाली.

वैद्यकीय शिक्षणातील बदल अधिक ठोस ठरला. पूर्वी 'नीट' परीक्षेला बसण्यासाठी अकरावी आणि बारावी अशी दोन्ही वर्षे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय प्रात्यक्षिकांसह नियमितपणे शिकलेले असणे आवश्यक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर सूचना काढून ही अट बदलली. मान्यताप्राप्त मंडळाची बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र अथवा जैवतंत्रज्ञान पूर्ण करणारा विद्यार्थीही आता पात्र ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात तर याहून मोठे पाऊल होते. राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरील प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास बारावीचे विषय कोणतेही असले तरी विद्यार्थ्याला हव्या त्या विद्याशाखेत प्रवेश मिळावा, अशी तरतूद त्यात सुचविण्यात आली.

पात्रता एक, परीक्षा दुसरी

या सर्व बदलांकडे एकत्रितपणे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. नियम बदलतात तेव्हा प्रवेशाची पहिली चौकट बदलते. तिच्यापलीकडची परीक्षा आणि पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम मात्र बहुधा जेथल्या तेथे राहतो.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. खडकवासल्याच्या या प्रबोधिनीत हवाई दल आणि नौदलाच्या शाखांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे लागते. भूदलाच्या शाखेसाठी मात्र कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला उमेदवार चालतो. वरकरणी हे दार कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही खुले आहे. परंतु लेखी परीक्षा सर्व शाखांसाठी एकच असते आणि तिच्यातील ९०० गुणांपैकी ३०० गुणांची प्रश्नपत्रिका गणिताची असते. तीत विकलन, संकलन, सारणी, सदिश असे बारावीच्या विज्ञान शाखेचे भाग येतात. अकरावीत गणित सोडलेला विद्यार्थी अर्ज भरू शकतो. मात्र एक तृतीयांश गुणांची लढाई त्याला स्वतःच्या हिमतीवर, शाळेबाहेर लढावी लागते.

मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमाचीही स्थिती काहीशी अशीच आहे. विदा विज्ञानाच्या, म्हणजे डेटा सायन्सच्या, या अभ्यासक्रमासाठी बारावीच्या शाखेची अट नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी असणे पुरेसे मानले जाते. कला वा वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांना यामुळे मोलाची संधी मिळाली. मात्र प्रवेशापूर्वी काही आठवड्यांचा पात्रता अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्यात गणित व संख्याशास्त्र दोन्ही असतात. संस्थेने दार रुंद केले. दारामागची गणिताची पायरी मात्र काढून टाकली नाही, आणि विषयाचे स्वरूप पाहता ती काढताही आली नसती.

काही ठिकाणी तर अटही तशीच आहे. दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षेत गणित अथवा उपयोजित गणिताचा पेपर द्यावाच लागतो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संख्याशास्त्र व गणित विषयांतील पदव्यांसाठी बारावीला गणित अनिवार्य आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची अट वर्षानुवर्षे लागू राहिली आहे आणि ती पूर्ण करण्यासाठी पदवीनंतर मुक्त विद्यालयातून हे दोन विषय पुन्हा देणारे तरुण कमी नाहीत.

परतीची वाट का अवघड

कोणताही विषय नंतर शिकता येतो, असे म्हटले जाते. तत्त्वतः ते खरे आहे. परंतु विषयांची रचना सारखी नसते. जीवशास्त्रातील पेशी, वनस्पतींचे वर्गीकरण किंवा मानवी शरीरक्रिया हे भाग कष्टाने, पण एकेक करून आत्मसात करता येतात. वैद्यकीय आयोगाने जीवशास्त्र नंतर देण्याची मुभा दिली, ती या दृष्टीने व्यवहार्य आहे. गणितात मात्र प्रत्येक मजला खालच्या मजल्यावर उभा असतो. त्रिकोणमिती कच्ची असेल तर विकलन अडते, विकलन अडले तर संकलन कळत नाही आणि संकलनाविना संभाव्यतेची पुढची वाट बंद होते. त्याशिवाय गणित हे सरावाचे शास्त्र आहे. दोन वर्षे हात थांबला की दहावीला सहज सुटणारी उदाहरणेही परकी वाटू लागतात.

म्हणूनच या निर्णयाच्या दोन बाजू समतोल नाहीत. अकरावीत गणित घेतलेला विद्यार्थी पुढे कायदा, इतिहास, वैद्यक, मानसशास्त्र यांपैकी कोणत्याही वाटेने जाऊ शकतो. गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्र, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा वित्तक्षेत्राकडे वळायचे झाल्यास आधी मागे जावे लागते. शाळांमधील शाखाबदलाचा प्रवासही साधारणतः विज्ञानाकडून वाणिज्य वा कलेकडे होतो. उलट दिशेचा प्रवास विरळाच.

गणित सोडून केवळ जीवशास्त्राचा गट घेणाऱ्यांची अडचण तर अकरावीच्या पहिल्याच महिन्यात सुरू होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात सरळ रेषेतील गती येते आणि तात्क्षणिक वेग समजावताना विकलनाची भाषा वापरली जाते. गणिताच्या पुस्तकात सीमा व विकलनाचे प्रकरण बारावे आहे. गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला ही संकल्पना काही महिन्यांनी तरी रीतसर भेटते. गणित न घेतलेल्याला ती भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने तासाभरात जेवढी सांगितली तेवढीच. बारावीत रासायनिक गतिकी शिकताना लॉगॅरिथम आणि संकलन पुन्हा समोर उभे राहतात. 'गणित नको म्हणून जीवशास्त्र' ही निवड करणाऱ्यांची गणिताशी गाठ चुकत नाही. शिकवणारा मात्र कोणी उरत नाही.

निर्णय दहावीच्या आधीच

प्रश्न अकरावीच्या अर्जापाशी सुरू होतो, असेही नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०१९-२० पासून दहावीच्या गणिताच्या परीक्षेसाठी 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन स्तर आणले. अभ्यासक्रम, पुस्तक, वर्ग आणि अंतर्गत मूल्यमापन एकच. केवळ मंडळाच्या प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. गणिताच्या भीतीने खचणाऱ्या मुलांना दिलासा देणे हा या व्यवस्थेचा हेतू होता आणि तो योग्यही होता. मात्र मूळ योजनेत 'बेसिक' घेणाऱ्यास अकरावीत नेहमीचे गणित घेता येत नव्हते. त्यासाठी 'स्टँडर्ड'ची परीक्षा वेगळी द्यावी लागे. करोनाकाळात मंडळाने ही अट शिथिल केली आणि पुढील वर्षांतही सवलत वाढवत नेली. विद्यार्थ्याची क्षमता व कल यांची शाळाप्रमुखांनी खातरजमा करावी, असे सांगण्यात आले. तरीही दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना, केवळ टक्केवारी वाढावी म्हणून घेतलेला सोपा पेपर अकरावीच्या दारात अडसर ठरू शकतो, याची कल्पना अनेक पालकांना वेळेवर नसते.

याच मंडळाने २०२०-२१ पासून अकरावीत उपयोजित गणित हा पर्याय दिला. वित्तीय गणित, निर्देशांक, कालश्रेणी, संभाव्यता, अनुमानात्मक संख्याशास्त्र, रेषीय प्रायोजन असे भाग त्यात आहेत. वाणिज्य, अर्थशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी हे गणित नेहमीच्या गणितापेक्षा अधिक उपयोगी ठरू शकते. अभियांत्रिकी वा भौतिकशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठी ते नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. दोन्ही गणिते एकत्र घेता येत नाहीत, त्यामुळे निवड विचारपूर्वक करणे भाग आहे. खेदाची बाब अशी की, अनेक शाळांत हा विषय वेळापत्रकातच नसतो.

प्रांत तितक्या रीती

मराठी कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त देशभर पसरलेली आहेत आणि राज्य बदलले की विषयनिवडीचे कुंपणही बदलते. महाराष्ट्रात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात किंवा जीवशास्त्राऐवजी संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्ससारखा द्विलक्ष्यी, बोलीभाषेत 'बायफोकल', विषय घेता येतो. येथे कला व विज्ञान शाखेसाठी एक आणि वाणिज्य शाखेसाठी दुसरे अशी गणित व संख्याशास्त्राची दोन स्वतंत्र पाठ्यपुस्तके आहेत, म्हणजे उपयोजित गणिताचा विचार राज्य मंडळाला नवा नाही. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत मात्र भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित आणि भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-जीवशास्त्र असे दोन वेगळे गट आहेत आणि दोन्हींची तयारी करू पाहणाऱ्याची ओढाताण होते. २०२५-२६ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागल्याने अर्जात भरलेल्या पसंतीक्रमाचे महत्त्व ग्रामीण भागातही वाढले आहे.

हैदराबादेत स्थायिक झालेल्या कुटुंबातील मुलाला इंटरमिजिएटला 'एमपीसी' अथवा 'बायपीसी' असे नाव घेऊनच वर्गात बसावे लागते. बेळगाव वा बंगळुरूत पदवीपूर्व महाविद्यालये चार विषयांचे ठरावीक संच देतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे गणित समूह आणि जीवविज्ञान समूह अशी विभागणी रूढ आहे. धोरणाच्या कागदावर भिंती पडल्या असल्या, तरी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर त्या अशा निरनिराळ्या नावांनी उभ्याच आहेत.

खरा निर्णय कोणाचा

याचे कारण शोधू गेल्यास धोरणापेक्षा वेळापत्रकाकडे बोट दाखवावे लागते. विद्यार्थ्याने अर्थशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असा संच मागितला, तर त्या तिन्ही विषयांचे तास एकाच वेळी न येतील अशी आखणी शाळेला करावी लागते. त्यासाठी शिक्षक हवेत, खोल्या हव्यात, प्रयोगशाळा हवी. महानगरांतील मोजक्या शाळांना ते जमते. तालुक्याच्या ठिकाणच्या, एकेका विषयाला एकच शिक्षक असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयाला ते जमत नाही. आदिवासी आणि दुर्गम भागांतील कित्येक ठिकाणी तर जवळच्या विद्यालयात विज्ञान शाखाच नसते. तेथील मुलीने गणित 'सोडले' असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिला ते कोणी देऊच केलेले नसते.

शहरांत दुसरी शक्ती काम करते, ती शिकवणी वर्गांची. 'जेईई'चा गट आणि 'नीट'चा गट अशी विभागणी तेथे आठवी-नववीपासून होते आणि शाळेचे विषय त्यानुसार ठरतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी करून सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांनी प्रवेश देऊ नये, असे सांगितले. परंतु नावापुरती शाळा आणि दिवसभर शिकवणी ही पद्धत त्यामुळे थांबलेली नाही.

या विभागणीची किंमत आकड्यांत दिसते. २०२४ मध्ये 'नीट'साठी २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. देशातील एमबीबीएसच्या जागा एक लाखापेक्षा थोड्याच अधिक होत्या. त्याच वर्षी भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये पदवीच्या १७,७४० जागा होत्या आणि 'जेईई मेन' देणारे विद्यार्थी १४ लाखांच्या घरात होते. म्हणजे या दोन परीक्षांकडे पाहून विषय निवडणाऱ्या बहुसंख्य मुलांना अखेरीस तिसरीच वाट धरावी लागते. विषय निवडताना विचार व्हायला हवा तो या तिसऱ्या वाटेचा. केवळ जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, कृषी, जैवतंत्रज्ञान हे मार्ग उरतात आणि ते सन्मानाचे आहेत. परंतु आजच्या जीवशास्त्राला संख्याशास्त्राची जोड लागते. रोगप्रसाराचा अभ्यास, जनुकीय माहितीचे विश्लेषण, औषधांच्या चाचण्या या सर्वांत आकडेमोड मध्यवर्ती आहे, आणि नेमकी तीच बाजू या विद्यार्थ्याने सोळाव्या वर्षी सोडून दिलेली असते.

मुली आणि दुभागणारी वाट

उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार विज्ञान विद्याशाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. मुलींना विज्ञान झेपत नाही, या समजुतीला हे आकडे पुरेसे उत्तर देतात. अभियांत्रिकीत मात्र चित्र उलटे आहे. तेथे मुलींचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये हे प्रमाण इतके घसरले होते की २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण कराव्या लागल्या आणि त्यातून ते २० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले.

ही वाट जेथे दुभागते, त्यांतील एक महत्त्वाचे ठिकाण अकरावीचा अर्ज हे आहे. दहावीला गणितात उत्तम गुण मिळविलेल्या मुलीला 'जीवशास्त्र घे, ते मुलींना बरे' असा सल्ला आजही प्रेमाने दिला जातो. दूरच्या शहरातील महागड्या शिकवणीवर खर्च करताना मुलाचा आणि मुलीचा विचार अनेक घरांत वेगळा होतो. प्रवेशाच्या टप्प्यावर वाढविलेल्या जागा उपयोगी आहेत. मात्र दोन वर्षे आधीच गणितातून बाहेर पडलेल्या मुलीपर्यंत त्या पोहोचत नाहीत.

इंग्लंडचा अनुभव

हा पेच केवळ भारताचा नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षानंतरच्या 'सिक्स्थ फॉर्म' टप्प्यात विद्यार्थी साधारणतः तीनच विषय सखोल शिकतात. निवड इतकी अरुंद असल्याने गणित सोडले की ते पूर्णपणे सुटते. तेथेही 'ए लेव्हल'ला गणित हाच सर्वाधिक विद्यार्थ्यांचा विषय असून दरवर्षी एक लाखाहून अधिक प्रवेशिका येतात. तरीही मोठा वर्ग सोळाव्या वर्षी गणिताचा निरोप घेतो. ही पोकळी भरण्यासाठी २०१४ पासून 'कोअर मॅथ्स' हा मधला पर्याय आणण्यात आला. नेहमीचे खोल गणित नको असलेल्या, परंतु मानसशास्त्र, भूगोल, व्यवसाय यांसाठी आकडेशास्त्र लागणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता तो आहे. तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी जानेवारी २०२३ मध्ये अठराव्या वर्षापर्यंत सर्वांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपात गणित शिकविण्याचा मानस जाहीर केला. शिक्षकांची टंचाई हा त्यावरील पहिला आक्षेप होता आणि २०२४ मधील सत्तांतरानंतर ती योजना मागे पडली. गणित सर्वांना हवे असे म्हणणे सोपे, शिकवणारे हात उभे करणे कठीण, हा त्यातील धडा भारतालाही लागू पडतो.

सक्ती हा उपाय नव्हे

गणिताने दारे खुली राहतात, एवढ्यावरून प्रत्येकाने ते घ्यावे असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. अकरावीचे गणित दहावीपेक्षा एकदम उंच उडी मागते. पाठांतराच्या बळावर दहावीला नव्वद गुण मिळविलेले अनेक विद्यार्थी पहिल्याच चाचणीत कोलमडतात. ज्याचे मन भाषेत किंवा इतिहासात रमते, त्याला 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून दोन वर्षे गणितात जखडणे ही त्या विषयांचीही हानी आहे. चारही विज्ञान-गणित विषय घेऊन दोन प्रवेश परीक्षांच्या मागे धावणाऱ्यांची दमछाक तर सर्वांना परिचित आहे. प्रश्न सक्तीचा नसून सुटसुटीत निवडीचा आहे. गणित हे विज्ञान शाखेच्या गाठोड्याबरोबरच मिळते, हीच मूळ अडचण आहे. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकू इच्छिणाऱ्याला त्याच्या विषयांबरोबर योग्य पातळीचे गणित मिळाले, तर निम्मा पेच आपोआप सुटेल.

तोवर कुटुंबांना काही गोष्टी स्वतःच पडताळाव्या लागतील. गुणपत्रिकेतील आकड्यापेक्षा नववी-दहावीचे बीजगणित आणि त्रिकोणमिती मुलाला उदाहरण बदलूनही सोडविता येते का, हे पाहणे अधिक विश्वासार्ह आहे. मनातील अभ्यासक्रमासाठी त्या वर्षीची अट काय, हे ऐकीव माहितीवर न सोडता विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतून तपासायला हवे, कारण नियम दरवर्षी बदलत आहेत. गणित आणि जीवशास्त्र यांविषयी मन द्विधा असेल, तर गणित ठेवून जीवशास्त्र पुढे अतिरिक्त विषय म्हणून देण्याची वाट आता उपलब्ध आहे. उलट वाट नियमाने बंद नसली तरी चढणीची आहे. निवड चुकली असे वाटल्यास शाळा किती दिवसांपर्यंत विषय बदलू देते, हेही प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवलेले बरे.

धोरणकर्त्यांपुढील काम याहून मोठे आहे. पात्रतेच्या अटी हटविणाऱ्या प्रत्येक निर्णयाबरोबर दुवा अभ्यासक्रमाची जबाबदारीही नेमून द्यायला हवी. गणिताविना आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात कोण, किती तास आणि कोणत्या भाषेत शिकविणार, याचे उत्तर नसेल तर खुले दार ही फसवणूक ठरते. उपयोजित गणित कला आणि वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे, तालुका पातळीवर गणित व भौतिकशास्त्राची शिक्षकपदे भरणे आणि देशभरातील प्रवेशअटी भारतीय भाषांतून एका ठिकाणी उपलब्ध करून देणे, ही कामे खर्चिक असली तरी अशक्य नाहीत.

राष्ट्रीय धोरणाने शाखांची भिंत नको म्हटले त्याला आता काही वर्षे लोटली. त्या घोषणेची कसोटी दिल्लीतील परिपत्रकांवर लागणार नाही. दुर्गम तालुक्यातील एखाद्या मुलीने अर्जात 'गणित' आणि 'अर्थशास्त्र' या दोन्ही रकान्यांत खूण केली आणि तिच्या महाविद्यालयाने त्या दोन्ही विषयांचे शिक्षक तिच्यासमोर उभे केले, तर भिंत पडली असे म्हणता येईल. अन्यथा निवडीचे स्वातंत्र्य अर्जावर छापलेले राहील आणि निर्णय पूर्वीप्रमाणेच वेळापत्रक घेत राहील.